जिवंत माणसाचा फ्लेक्स

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांच्या मधोमध, एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहणारा फ्लेक्स नऊ दिवस लटकत होता. मजकूर माझा होता. वाक्यं नीट होती, शुद्धलेखन नीट होतं. माणूस मेलेला नव्हता, एवढीच चूक होती.

आता गल्लीत ही गोष्ट सगळे हसत सांगतात. मीही हसते. पण तो फ्लेक्स मोबाईलवरून समुद्र ओलांडून त्याच्या आईपर्यंत पोचला, हे कळल्यानंतरचे तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ती बाई आधीच हृदयाची पेशंट, त्यात मुलगा लढाईवर. तिला काही झालं असतं तर ते माझ्या अक्षरांनी झालं असतं.

तो येमेनचा. आमच्या शहरात येमेनची, सुदानची पोरं शिकायला येतात, त्याचं कुणाला नवल नाही. पण ती बहुतेक विद्यापीठाच्या बाजूला राहतात. हा फिरत फिरत गारखेड्यात आला तो खोली मिळेना म्हणून. आईनं तेव्हा नुकतीच वर पत्र्याची खोली काढली होती. वडील चितेगावच्या कंपनीत, आई अंगणवाडीत मदतनीस; दोघांच्या वीस वर्षांच्या कष्टाची ती खोली. माझं बी.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं. तो माझ्याच कॉलेजात एक वर्ष मागे होता.

शेजारची काकू लगेच आली. "अगं, घरात तरणी पोर हाय, अन् तू परदेशी माणूस ठेवायलीस? त्यात त्यांचं मटण, त्यांचं नमाज..."

आई भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "आम्ही गावाकडून आलो तवा लोकं खोली दाखवायच्या आदी आडनाव विचारायची. आडनाव सांगितलं की खोली भरलेली असायची. मी त्याला काय बी इचारलं नाय. फक्त म्हणलं, पाणी सकाळी साडेसहाला येतं, उठशील का? तो व्हय म्हणला."

पोलीस ठाण्यात द्यायचा परदेशी भाडेकरूचा फॉर्म मी भरला. तेव्हापासून तो मला 'उस्ताजा' म्हणायला लागला. उस्ताजा म्हणजे बाई, मास्तरीण. मी कॉलेजात उत्तरं कशी लिहायची ते त्याला शिकवायचे: आधी प्रस्तावना, मग मुद्दे, शेवटी समारोप. त्याला मुद्दे भरपूर सुचायचे, समारोप कधीच जमायचा नाही. एकदा सुरू झाला की पान संपेपर्यंत थांबायचा नाही. लोकांना आमच्याबद्दल भलतंच काही वाटायचं. तसलं काही नव्हतं. मला माझी डिग्री हवी होती, त्याला त्याची, आणि आम्हा दोघांच्याही घरात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

आमच्या घरामागं बगिच्यासाठी सोडलेला मोकळा प्लॉट आहे. बगिचा अजून व्हायचाय. तिथं गल्लीतली पोरं क्रिकेट खेळायची. हा पहिला आठवडाभर कंपाउंडच्या भिंतीवर बसून नुसतं बघायचा. सातव्या-आठव्या दिवशी फुटबॉल घेऊन उतरला.

पोरं म्हणाली, "भाई, इधर पिच है. फुटबॉल नक्को."

"नक्को?" त्यानं विचारलं. "ठीक. पाच वाजेके बाद?"

इथला हा त्यानं शिकलेला पहिला शब्द. नंतर तो त्यानं मराठी करून 'नको' म्हणायला सुरुवात केली आणि आजवर पुरवून वापरतो.

पाचनंतर तो एकटाच खेळायचा. चेंडू उंच उडवायचा आणि खाली येताना डाव्या पायावर असा झेलायचा की आवाज होत नसे. गच्चीवर कपडे वाळत घालताना आई ते बघायची. म्हणायची, "दूध उतू जायच्या आत पातेलं उतरावं तसा उतरवतंय पोरगं." मला फुटबॉलमधलं आजही काही कळत नाही, पण त्याच्या खेळाचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

महिन्याभरात बॅटी घरात राहायला लागल्या. मागच्या मोहल्ल्यातली पोरं आली, आमची होतीच. आजवर ही दोन्हीकडची पोरं एकमेकांविरुद्धच खेळायची, तेही टेनिस बॉलच्या मॅचमध्ये, आणि शेवट बहुतेक वेळा भांडणानं व्हायचा. आता एकाच टीममध्ये खेळायचं म्हटल्यावर भांडण कुणाशी करावं हा प्रश्न पडला. तो त्यांना तीन भाषांत ओरडायचा. "पास दे! अकेला कायको खाता? आई गं, बघ ह्याला!" ही 'आई गं' म्हणजे गच्चीवरची माझी आई, तो खरोखर वर बघून तक्रार करायचा. आई वरून एखाद्याला दम भरायची, "ए, दे की त्याला, हावरटा!" दुसऱ्या वर्षी त्यांनी वॉर्डातल्या स्पर्धेचा कप आणला. कप हातात धरून हसतानाचा त्याचा एक फोटो आहे. पुढं या फोटोचाच घोळ झाला.

त्याच उन्हाळ्यात माझा निकाल लागला. आमच्या गल्लीतली मी पहिली ग्रॅज्युएट, हे मी आजही छाती पुढं काढून सांगते. पोरांनी फ्लेक्स लावला. काळ्या गाऊनमधली मी, भोवती झेंडूची छापील महिरप, वर 'हार्दिक अभिनंदन', खाली टीमच्या पोरांचे बारके बारके फोटो, निम्म्यांना गॉगल. वडील कंपनीतून आले ते सायकल हातात धरून त्याच्यासमोर उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी ड्युटीला जाताना लांबच्या वाटेनं, फ्लेक्सच्या खालून गेले.

येमेनी फ्लेक्सभोवती फिरत होता.

"हे सरकारनं लावलं?"

"सरकार कशाला लावील? पोरांनी."

"तू पास झाली म्हणून? एवढा मोठा?"

"मग?"

त्यानं फोटो काढून आपल्या आईला पाठवला आणि खाली लिहिलं की इथं माणूस शिकला की त्याचा फोटो चौकात लावतात. तिचं उत्तर त्यानं मला वाचून दाखवलं. "तुझा कधी लागणार?"

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या देशात लढाई आधीपासून चालू होती, पण ती दूर, दुसऱ्या प्रांतात. आता ती त्याच्या शहराच्या वेशीला आली. वडील नव्हते, धाकटा भाऊ जखमी होऊन दवाखान्यात, आई घरात एकटी. शेवटच्या परीक्षेचे दोन पेपर राहिले असताना त्यानं तिकीट काढलं. मी लई भांडले. म्हणाले, दोन पेपर दे, पंधरा दिवसांनी जा.

"उस्ताजा, पंधरा दिवसांत गल्ली राहील का?"

वडिलांनी एकच प्रश्न विचारला. "तू बंदूक घेणार ती कोणाच्या बाजूनं?"

तो म्हणाला, "काका, आमच्या गल्लीच्या."

आईनं शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून दिली. मी म्हणाले, अगं, लढाईच्या गावाला चटणी काय देतेस? तर म्हणे, "लढताना माणूस जेवत नाय का?" त्यानं खेळायचे बूट खोलीत खिळ्याला टांगून ठेवले, म्हणाला, परत आलो की लागतील. आई दर रविवारी ते उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी परत टांगायची. ती खोली तिनं कुणाला दिली नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "भरलेली हाय."

तिकडून त्याचे निरोप यायचे. नेट मिळालं की बोलून पाठवलेले, कधी हिंदीत, कधी मराठीत. डोंगरावरच्या एका चौकीत त्याला ठेवलं होतं. सोबत एक पाववाला, एक शिंपी, एक शाळामास्तर. कुणीच सैनिक नाही, सगळे सैनिक. शांतता असली की मोज्यांचा चेंडू करून खेळायचे. पाववाला गोलकीपर, कारण त्याचे हात मोठे. चटणी आठ दिवसांत संपली, असं त्यानं दोनदा कळवलं. तिथं मिळणाऱ्या हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं करून मास्तरला खाऊ घातलं. मास्तर म्हणाला, हे भिंतीला लावायचं का खायचं? लढाईबद्दल तो काही सांगायचा नाही. एकदाच मी विचारलं. उत्तराच्या निरोपात बराच वेळ नुसता वारा होता आणि शेवटी त्याचा आवाज. "आज नको, उस्ताजा."

मग निरोप थांबले. एक महिना गेला, दुसरा गेला. आई रोज अंगणवाडीतून आली की आधी माझ्या तोंडाकडं बघायची.

आणि एका सकाळी टीममधला एकजण धावत आला. विद्यापीठाकडं राहणाऱ्या एका येमेनी पोरानं सांगितलं होतं की त्या शहरात मारल्या गेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पोरं माझ्या दारात गोळा झाली. कुणी रडत होतं, कुणी नुसतं चप्पल घासत उभं होतं.

"ताई, मजकूर लिहून दे."

ग्रॅज्युएट झाल्यापासून गल्लीचं सगळं लिखाण माझ्याकडं असतं. नळाच्या तक्रारीचा अर्ज, दाखल्याचा फॉर्म, लग्नपत्रिका, वाढदिवस, श्रद्धांजली. लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात आणि मी लिहून देते, त्याचा मला अभिमान आहे. त्या दिवशीही दहा मिनिटांत लिहून दिलं. मी विचारायला हवं होतं की यादी कुणी पाहिली, वय काय लिहिलंय, बापाचं नाव काय. त्याच्या नावाची माणसं त्या शहरात शेकड्यानं असतील, हे मला त्यानंच एकदा हसत सांगितलं होतं. इतरांच्या अर्जावर मी पुरावा जोडल्याशिवाय सही करू देत नाही. इथं काहीच विचारलं नाही. शब्द लिहिले की रडावं लागत नाही, म्हणून भराभर लिहिलं.

फ्लेक्स दुपारपर्यंत लागला. डिझाइनवाल्यानं माझीच जुनी महिरप काढली, झेंडूचा रंग उतरवून फुलं पांढरी केली आणि कोपऱ्यात एक दिवा टाकला. कपवाला फोटो घेतला, पण हातातला कप कापून टाकला; श्रद्धांजलीत कप बरा दिसत नाही म्हणाला. खर्च निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एकानं केला, म्हणून त्याचा हात जोडलेला फोटो मयतापेक्षा बोटभर मोठा आला. खाली 'शोकाकुल' आणि गॉगल घातलेली आमची सगळी टीम.

आईनं पांढरी साडी नेसून त्याच्या खोलीत मेणबत्त्या लावल्या. आमच्यात पुण्यानुमोदन करतात तसं केलं, त्रिशरण पंचशील झालं. मागच्या मोहल्ल्यातली पोरं दारात अवघडून उभी होती. आई त्यांना म्हणाली, "तुमच्यात काय म्हणतात ते तुम्ही म्हणा रे. त्याला दोन्हीबी कळतं." ती पोरं हात पुढं धरून फातिहा म्हणाली. मग सगळ्यांनी खीर खाल्ली. खिळ्यावरच्या बुटांकडं कुणी बघत नव्हतं.

दहाव्या दिवशी मी फुलंब्रीच्या बसमध्ये होते. तोवर बी.एड. होऊन मला तिकडच्या शाळेत नोकरी लागली होती, ती आजही आहे. मोबाईल वाजला. त्याचा निरोप. मी कानाला लावला.

"उस्ताजा, मी मेलो का?"

मी मध्येच उतरले. कुठं उतरले तेही बघितलं नाही, रस्त्याच्या कडेला मक्याचं शेत होतं एवढं आठवतं. निरोप पुढं होता. चौकी बदलली होती, पायात गोळीचा तुकडा गेला होता, मोबाईल फुटला होता. आज दुसऱ्याचा मोबाईल मिळाला तर त्यात कुणीतरी हा फ्लेक्सचा फोटो दाखवला. "फोटो चांगला आहे. पण कप कुठं गेला?" एवढं म्हणून तो हसला. मग आवाज बदलला. विद्यापीठाकडच्या त्या पोरानं फ्लेक्सचा फोटो आपल्या गावाकडच्या ग्रुपवर टाकला होता. तो त्याच्या मावसभावाकडं गेला आणि तिथून कालच त्याच्या आईला. तिचा फोन लागत नव्हता. घर डोंगराखाली दीड-दोन दिवसांच्या वाटेवर, रस्ता कधी चालू कधी बंद. "मी निघालो. ती मराठी वाचत नाही, उस्ताजा. पण फुलं, दिवा... तिला कळेल."

मी परतीची गाडी धरून घरी आले. आईला सांगितलं. ती आधी खुर्चीत बसली आणि हसता हसता रडली. मग मी दुसरी गोष्ट सांगितली.

"तू लिव्हलंस व्हय ते?"

"व्हय."

"इचारलं नव्हतंस?"

आई उठली, पोरांना हाक मारली आणि फ्लेक्स उतरवून आणायला लावला. स्वतः कात्रीनं वरची 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची पट्टी कापून चुलीत घातली. त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. "मीठ दे. दार लाव." वडील दोन्ही वेळा जेवताना माझ्या ताटाकडं बघायचे आणि म्हणायचे, "खा." मी शाळेत फळ्यावर लिहायला खडू उचलायचे आणि हात थांबायचा. वाटायचं, तिकडं त्या घरात आत्ता माझं कुठलं वाक्य पोचलं असेल. ज्या बाईनं मला कधी पाहिलं नाही, तिच्या छातीवर मी दगड ठेवला होता, तोही सुवाच्य अक्षरात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप आला. आई समोरच होती; मी आवाज मोठा केला. आधी नुसतं त्याचं हसणं. मग धाप.

तो लंगडत, धावत घरी पोचला, तर दारात बायकांची गर्दी. आत शिरला तर आई मधोमध बसलेली, हातात मावसभावाचा मोबाईल, समोर खजुराचं ताट. आल्यागेल्याला खजूर वाटत होती आणि मोबाईल दाखवत होती. तिला जुना फोटो आठवत होता: माझा, महिरपीतला. तीच महिरप, तसाच मोठा फोटो, खाली तीच पोरं. ती सगळ्यांना सांगत होती, हिंदुस्थानात माणूस शिकला की त्याचा फोटो चौकात लावतात. माझा मुलगा शिकला. लढाईवर असतानासुद्धा त्यांनी त्याला डिग्री दिली.

"अन् दिवा?" मी निरोपात विचारलं.

त्याचं उत्तर आलं. "तिला वाटलं, रोषणाई."

आईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय कळेना. मग माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "चल, च्या टाक." मला माफी मिळाली ती अशी.

त्यानं तिला खरं सांगितलं नाही. कसं सांगणार? 'आई, तो माझ्या मरणाचा होता' असं? त्यापेक्षा डिग्री मिळाली हे राहू दिलं. तिनं माझ्या आईसाठी एक निरोप बोलून पाठवला, अरबीत, चांगला मोठा. आईला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण ती तो अजून लावून ऐकते, मध्येच मान हलवते, आणि संपला की म्हणते, "बरोबर हाय बाई तुझं."

पायामुळं त्याला चौकीवरून मोकळं केलं. पुढची काही वर्षं तो आपल्या गल्लीतल्या पोरांना फुटबॉल शिकवत होता, तोंडात शिटी धरून, कारण धावणं गेलं. तिकडची पोरं पास न देणाऱ्याला 'हावरट' म्हणतात असं तो सांगतो. कुठून आलं ते त्यांना माहीत नाही.

आणि मागच्या वर्षी इथं जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेले पेपर द्यायच्या शेवटच्या दोन संधी निघाल्या. ती जाहिरात मी पाहिली, फॉर्म मी भरला. त्याला कळवलं की तुझ्या आईचा शब्द खोटा पडायला माझा मजकूर कारण आहे, तर तो खरा करायचं कामही माझंच. व्हिसाला सात महिने लागले. आला तेव्हा केस कानाजवळ पांढरे, डावा पाय जरा ओढत. आईनं खोलीचं कुलूप काढलं. कापलेला फ्लेक्स वडिलांनी ऊन लागू नये म्हणून पत्र्याच्या खालून ताणून बांधलाय, छापील बाजू खाली. तो गादीवर पडला आणि वर बघून म्हणाला, "काका, वर पण मी, खाली पण मी. ह्यातला भाडं कोण देणार?"

आपल्या आईला त्यानं घरी सांगितलंय की पुढच्या डिग्रीसाठी चाललोय.

एका पेपरात पास झाला. दुसऱ्यात तीन मार्कांनी गेला. तो त्यानं परवा पुन्हा दिला, निकाल अजून लागायचाय, आणि तो गेला तर पुन्हा देता येणार नाही. पोरं, म्हणजे आता पोराबाळांचे बाप झालेली ती टीम, रोज ओट्यावर येतात. "ताई, मजकूर तरी लिहून ठेव."

लिहून ठेवलाय. महिरप झेंडूचीच सांगितलीय, दिवा नको म्हटलंय, कप कापायचा नाही हे तीनदा बजावलंय. पण तो कागद माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडं. मार्कशीट माझ्या हातात येईल, त्यावरचा नंबर मी स्वतः जुळवून बघीन, बापाचं नाव वाचीन, मगच तो बाहेर निघेल. पोरं म्हणतात, ताई लई कडक झाली. झाले.

हे लिहीत असताना तो वर बसलाय. निकाल यायचाय तरी जुने प्रश्न काढून उत्तरं लिहितोय. आपण नक्की कुठं चुकलो ते बघायचंय म्हणतो. आत्ताच जिन्यावरून ओरडला.

"उस्ताजा, समारोप किती ओळींचा?"

"दोन," मी म्हणाले. "आणि तिथं थांब."